२०२५ सालचे आमचे पाच सिनेमे, आणि एक न पाहिलेला



सिनेमाचे वेड आम्हाला जुने. दिवसभर कचेरीत आवक-जावक सांभाळायची, संध्याकाळी वस्तीतल्या बैठका करायच्या आणि त्यातून वेळ काढून पडदा गाठायचा, असा आमचा क्रम. २०२५ साली 'छावा' आणि 'सैयारा' यांनी गल्ला भरला. लोकांनी रांगा लावून ते पाहिले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्यांचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. आमचा हिशेब निराळा. चौघांच्या कुटुंबाने मल्टिप्लेक्सची तिकिटे काढली की महिन्याच्या वाणसामानाला खड्डा पडतो. एवढे पैसे मोजून पडद्यावर आपले माणूस दिसते का, आणि दिसलेच तर ते स्वतःचे नाव कसे सांगते, हे आम्ही पाहतो.

म्हणून पहिला मान 'होमबाउंड'ला. दिग्दर्शक नीरज घायवान. 'मसान'मुळे ते नाव आपल्याला ठाऊक आहे. आपण दलित समाजातले आहोत हे ते उघडपणे सांगतात. २०२३ साली 'मेड इन हेवन' मालिकेच्या एका भागात त्यांनी बौद्ध पद्धतीचा विवाह दाखवला होता. पडद्यावर पांढऱ्या वस्त्रातली नवरी पाहून आमच्या घरात सर्वजण उठून टी.व्ही.च्या जवळ जाऊन बसले होते.

'होमबाउंड'मध्ये दोन मित्र आहेत, शोएब आणि चंदन. ईशान खट्टर आणि विशाल जेठवा या दोघांनी भूमिकांचे सोने केले आहे. दोघांनाही पोलीस शिपाई व्हायचे आहे, कारण अंगावर वर्दी आली की लोक जात-धर्म विचारणार नाहीत अशी त्यांची भाबडी समजूत. चंदनला कोणी पूर्ण नाव विचारले की तो 'चंदन कुमार' म्हणून थांबतो. वाल्मीकी हे आडनाव ओठांच्या आतच राहते. भरतीचा अर्जही तो राखीव जागेतून न भरता खुल्या वर्गातून भरतो. कचेरीत आम्ही असे अर्ज रोज हाताळतो. जातीच्या रकान्यापाशी पोरांचे पेन कसे अडखळते ते आम्ही टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे. 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न कशासाठी विचारला जातो, हे वाचकांना सांगायला नको.

चंदनची आई शाळेत मुलांचा स्वयंपाक करायला लागते, तर तिच्या हातचे नको म्हणून पालक उभे राहतात. त्या माउलीच्या टाचांच्या भेगा कॅमेऱ्याने अशा टिपल्या आहेत की आमच्या सौभाग्यवतींनी आपले पाय साडीत ओढून घेतले. पुढे सुरतेची कापड गिरणी, २०२० सालचे लॉकडाऊन, आणि घराकडे निघालेले दोन जीव. वाटेत चंदन आजारी पडतो, शोएब त्याला सोडत नाही. एका खऱ्या घटनेवरून हे घेतले आहे. या चित्रपटाला भारतातर्फे ऑस्करला पाठवले गेले, त्याआधी सेन्सॉरची कात्री मात्र लागलीच.

आमच्या लेकीला आवडली ती चंदनची बहीण. घरात काय शिकायचे, काय व्हायचे, हे निवडायची मोकळीक भावाला मिळाली, तिला मिळाली नाही, हे ती तोंडावर बोलून दाखवते. ते ऐकून लेकीने आमच्याकडे पाहिले. आम्ही पडद्याकडे पाहत राहिलो.

दुसरा 'धडक २'. शाझिया इक्बाल या बाईंनी दिग्दर्शित केलेला. इथे थोडा मागचा संदर्भ हवा. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'वरून २०१८ साली हिंदीत 'धडक' निघाला, तेव्हा जात धुऊन-पुसून काढली होती. उरली नुसती श्रीमंत-गरिबाची प्रेमकथा. त्याच कंपनीने सात वर्षांनी 'धडक २' काढला तो मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' या तामिळ चित्रपटावरून, आणि या वेळी जात सांगितली. नायक नीलेश अहिरवार कायद्याच्या कॉलेजात शिकतो आणि नायिका आहे विधी भारद्वाज. बापाचा अपमान होतो तो प्रसंग पाहताना थिएटरात खोकण्याचाही आवाज नव्हता. तक्रार एकच. सिद्धांत चतुर्वेदी मेहनती नट आहे, पण आपला माणूस दाखवायचा म्हणून त्याचा चेहरा काळवंडायची गरज काय होती? आपल्यात सगळ्या वर्णांची माणसे आहेत. मूळ तामिळ चित्रपट ज्यांना मिळेल त्यांनी तो आधी पाहावा, तो सरसच आहे.

आता 'फुले'. हा चित्रपट म्हणून पहिल्या दोहोंच्या तोडीचा नाही, हे आधी बोलून टाकतो. अनंत महादेवन यांचा हेतू शुद्ध आहे, प्रतीक गांधी आणि पत्रलेखा मन लावून काम करतात, पण पुष्कळदा पात्रे एकमेकांशी न बोलता सभेपुढे बोलल्यासारखी बोलतात. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली 'महात्मा फुले' काढला, त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. तेव्हापासूनची आपली अपेक्षा मोठी आहे. तरीही यादीत घेतला, कारण त्याचे जे झाले ते विसरता येत नाही. ११ एप्रिल, म्हणजे जोतिबांच्या जयंतीला तो लागायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, सेन्सॉरने बदल सांगितले आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. बदल कोणते? 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढा. तीन हजार वर्षांच्या गुलामगिरीचा आकडा काढून मोघम 'कित्येक वर्षे' म्हणा. कमरेला झाडू बांधलेला माणूस दाखवू नका.

वाचकहो, जोतिबांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजाची मुलगी. तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा त्याचा विषय. एका शाळकरी मुलीने लिहिलेले आणि इंग्रजी अमदानीत छापलेले शब्द २०२५ साली पडद्यावर उच्चारायचे नाहीत! कोणाची भावना दुखावते म्हणून? ज्यांना झाडू बांधावा लागला त्यांची तर नव्हे.

'बायसन' थोडक्यात सांगतो. हाही मारी सेल्वराज यांचाच. दक्षिण तामिळनाडूतला एक पोरगा कबड्डीच्या जोरावर वर येतो. १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातले मानथी गणेशन यांच्या जीवनावरून प्रेरणा घेतलेली. ध्रुव विक्रम झकास खेळला आहे, आणि बापाच्या भूमिकेत पशुपती त्याच्याही वर. लांबी जास्त, मारामारी जास्त. पण ज्या मंडळांत मुले कबड्डी खेळतात त्यांनी अवश्य दाखवावा. आम्ही खालची अक्षरे वाचत पाहिला, काही अडले नाही.

पाचव्याबद्दल काही वाचक नाके मुरडतील. मराठी 'साबर बोंडं', दिग्दर्शक रोहन कानवडे. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, तिथे बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दोन पुरुषांमधल्या प्रेमाची ही गोष्ट आहे. अमेरिकेत सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांतले सर्वोच्च पारितोषिक मिळाले. दिग्दर्शक मुंबईच्या झोपडपट्टीत एका खोलीत वाढलेले, वडील मोटारचालक. बक्षिसासाठी आम्ही हा चित्रपट निवडला नाही. त्यातली आई पाहून निवडला. तिला सगळे ठाऊक आहे, ती आरडाओरड करत नाही, आणि नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात तेव्हा लेकराच्या बाजूने उभी राहते. लहान मुलांना घेऊन जाण्याचा हा चित्रपट नव्हे, पण आई-बापांनी दोघांनी मिळून पाहावा. आपल्या वस्त्यांतही अशी मुले आहेत. लग्न लावून दिल्याने काय होते ते आम्ही दोन घरांत पाहिले आहे, आणि त्यात सुनांची आयुष्ये गेली.

राहिला न पाहिलेला. 'संतोष', संध्या सुरी यांचा. नवरा पोलीस शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी विधवेला नोकरी मिळते. अनुकंपा तत्त्वावरची नेमणूक आम्ही कचेरीत नेहमी पाहतो, पण त्यावर कोणी चित्रपट रचेल असे कधी वाटले नव्हते. एका दलित मुलीच्या खुनाचा तपास या शिपाईबाईच्या वाट्याला येतो. शहाना गोस्वामी प्रमुख भूमिकेत. २०२४ साली कान महोत्सवात दाखवला गेला, ब्रिटनने ऑस्करला पाठवला. आपल्या सेन्सॉरने २०२५ च्या मार्चमध्ये इतके काप सुचवले की निर्मात्यांनी ते मान्य केले नाहीत, आणि त्या वर्षी तो आपल्या थिएटरांत लागला नाही. कथानक आम्हाला वर्तमानपत्रांतून कळले तेवढेच.

न पाहता कसा निवडलात, असे कोणी म्हणेल. जागा ठेवली आहे एवढेच. रीतसर दाखवला जाईल त्या दिवशी पहिल्या खेळाला जाऊ आणि वाईट निघाला तर तसेही याच पानावर लिहू. तोवर तुमच्या यादीत कोणता चित्रपट आहे ते पोस्टकार्डावर कळवा. गृहिणींनी विशेष करून लिहावे. 'होमबाउंड'मधल्या आईबद्दल आम्हाला तुमच्याकडून ऐकायचे आहे.