पाणी कुठवर आलं?

मंडळी, आमच्या शिरोळ तालुक्यात पावसाळ्यात दोनच प्रश्न असतात. पाणी कुठवर आलं, आणि अलमट्टीतून किती सोडलं? उत्तरांना तोटा नाही. मोबाइल वाजून वाजून तापतो. राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, कोयना इतके टीएमसी, अलमट्टी इतके मीटर, विसर्ग इतके क्युसेक. घ्या, करा बेरीज!

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोका, सांगलीत आयर्विन पुलावर 45. दोन्हीकडचं शून्य आपापलं. अलमट्टीचे 519.60 मीटर मात्र समुद्रसपाटीपासून. हे आकडे शेजारी ठेवून भांडणं म्हणजे आजोबांचं वय आणि नातवाची उंची यांची तुलना. टीएमसी आणि क्युसेक यांची तरी सांगड लागते (एक लाख क्युसेक दिवसभर वाहिलं की 8.64 टीएमसी), पण रात्री दोन वाजता गोठ्यातली जनावरं सोडायची की नाही या विचारात असलेल्या माणसाने हे गणित मांडत बसायचं?

नृसिंहवाडीला पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. बातमी ऐकताच पंचक्रोशीला पाणी किती ते कळतं. ठिकाण ठरलेलं, खूण ठरलेली. सरकारी आकड्यांकडून मला एवढंच हवंय.

आणि ही काही जगावेगळी मागणी नाही. टिम बर्नर्स-ली यांनी 2001 मध्येच 'सिमँटिक वेब'ची कल्पना मांडली होती: इंटरनेटवरच्या माहितीसोबत तिचा अर्थही यंत्राला कळेल असा जोडायचा. पाण्याच्या नोंदींसाठी 'वॉटरएमएल 2.0' हे आंतरराष्ट्रीय मानक 2012 पासून आहे. कुठे मोजलं, कधी, कुठल्या एककात, कुठल्या शून्यापासून, हे सगळं आकड्याबरोबरच जातं. मग इकडची 'पाणीपातळी' आणि पलीकडची 'नीरिन मट्ट' एकच, हे संगणकाला वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्या केंद्र सरकारचं माहिती खुली करण्याचं धोरणही 2012 चंच. माझ्या मोबाइलवर मात्र अजून तक्त्याचा फोटो येतो, तोही तिरका.

गुप्ततेचं कारण सांगू नका. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू यांचं पाणी दुसऱ्या देशांत जातं, तिथे हात आखडला तर समजू शकतो. कृष्णा महाबळेश्वरपासून समुद्रापर्यंत भारतातच वाहते. दुसरं लाडकं कारण, लोक आकडे चुकीचे वाचतील. अहो, सध्या काय बरोबर वाचतात? 2019 च्या महापुरानंतर वडनेरे समिती नेमली. तिच्या 2020 च्या अहवालाने पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. तरी पारावरचा वाद जिथल्या तिथे. समिती बरोबर की पार बरोबर, हे तपासायचं तर वारणेपासून अलमट्टीपर्यंतच्या तासातासाच्या नोंदी एका पट्टीवर हव्यात. त्या एखाद्या कॉलेजच्या पोरालासुद्धा घरबसल्या जोडता याव्यात. तोवर दोन्ही राज्यांतल्या पुढाऱ्यांची मात्र चांगली सोय आहे.

असो. सगळी यंत्रणा उद्या उभी करा असं कुणी म्हणत नाही. पण राजापूर बंधाऱ्यावरच्या पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, एवढी एक ओळ रोजच्या आकड्यासोबत टाकायला कुठल्या लवादाची परवानगी लागते?