आधी छप्पर दुरुस्त करा
आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या इमारतीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडण्याचा, प्रस्ताव आला आहे. याच शाळेत मी शिकलो, पुढे इथेच शिकवले. जांभ्याच्या हातभर जाड भिंती आजही भक्कम आहेत; गळते ते छप्पर. फुटकी मंगलोरी कौले आणि वाळवी लागलेले वासे बदलले, की पावसाळा निभेल. नव्या स्लॅबच्या खोल्यांत मार्च-एप्रिलमध्ये पोरे भाजून निघतात, हे मी शेजारच्या गावात पाहिले आहे.

जुनी शाळा वेळीच जपली नाही तर काय होते ते पाहा: फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो पुण्याचा भिडेवाडा न्यायालयीन वादात मोडकळीला आला, डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे निदान स्मारक होणार आहे. आमच्या शाळेमागे कोण उभे राहणार? ग्रामसभेने दुरुस्तीचा ठराव करावा, आणि जुनी दाखल-खारीज रजिस्टरे आजच कोरड्या कपाटात हलवावीत.