देशाटन : कोणाचे आणि कशासाठी ?

— द्वितीय वर्ष कला

देशाटनाचे फायदे या विषयावर आपण सर्वांनीच शाळेत निबंध लिहिले आहेत. प्रवासाने दृष्टी विशाल होते, मन उदार होते, असे लिहिले की दहापैकी सात गुण ठरलेले ! परंतु आगगाडीत किंवा विमानात बसल्याने मन आपोआप उदार होते, हे खरे आहे काय ? सय्यद कुत्ब हे इजिप्तचे लेखक १९४८ साली सरकारी खर्चाने अमेरिकेत शिक्षणासाठी गेले. कोलोरॅडो राज्यातील ग्रीली या लहानशा शहरात ते काही काळ राहिले. १९५० साली ते परतले, ते अमेरिकेविषयी अधिकच कटुता मनात घेऊन. पुढे त्यांच्या लिखाणातून अनेक जहाल गटांनी स्फूर्ती घेतली. तेव्हा देशाटन हे काही रामबाण औषध नव्हे. माणूस कोणत्या नात्याने परक्या घरी जातो, आणि परतल्यावर काय करतो, यावर सारे अवलंबून असते.

या लेखात मला त्याच वाटेवरून उलट दिशेने जाणाऱ्या प्रवाशाविषयी लिहावयाचे आहे. तो म्हणजे अरब देशांत जाऊन राहणारा, हिंडणारा अमेरिकन विद्यार्थी.

अमेरिकन माणूस अरबांच्या दारी प्रथम विद्यार्थी म्हणून गेला नाही, तो गुरुजी म्हणून गेला. १८६६ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी बैरुत येथे अवघ्या १६ विद्यार्थ्यांवर एक कॉलेज सुरू केले. तेच आजचे ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरुत’. सुरुवातीची काही वर्षे तेथे अरबीतून शिकवीत असत. म्हणजे शिकवण्यासाठी का होईना, त्या गुरुजींना अरबी शिकावी लागली. पुढे इंग्रजी आली आणि ती गरजही संपली. १९१९ साली कैरोमध्येही अमेरिकन विद्यापीठ निघाले. याच कैरोत १९६७ साली अमेरिकन विद्यार्थ्यांना प्रगत अरबी शिकविणारे एक केंद्र स्थापन झाले. गुरुजींच्या देशातील मुले आता पाटी घेऊन बसू लागली, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते.

परंतु ही पाटी मोठ्या संख्येने हाती केव्हा आली ? ११ सप्टेंबर २००१ नंतर ! अमेरिकेतील कॉलेजांत व विद्यापीठांत अरबी शिकणारे २००२ साली सुमारे १०,५०० होते, ते २००९ साली सुमारे ३५,००० झाले. २०२१ च्या मोजणीत हाच आकडा सुमारे २३,००० वर उतरला. भीती वाढली तेव्हा भाषेची गोडी वाढली, आणि भीती ओसरली तशी गोडीही ओसरली, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे ? शिवाय पैशाचाही प्रश्न आहे. १९९१ च्या एका कायद्याने अमेरिकेत जी ‘बोरेन’ शिष्यवृत्ती सुरू झाली, ती घेणाऱ्याने शिक्षणानंतर निदान एक वर्ष राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित सरकारी नोकरी करावी अशी अट आहे. मग अम्मानमधील टॅक्सीवाल्याने एखाद्या सोनेरी केसांच्या मुलाला, “अरबी कशाला शिकतोस रे बाबा ? तू हेर तर नव्हेस ना ?” असे हसत हसत विचारले, तर त्या हसण्यात थोडे खरे दडलेले असते.

आपल्यातील पुष्कळ जण येथेच थांबतील आणि म्हणतील, “बघा, म्हणजे हे सारे ढोंग !” मला मात्र तसे वाटत नाही. शिष्यवृत्ती कोणत्याही हेतूने मिळालेली असो, तेथे गेल्यावर त्या मुलाचे जे होते ते सरकारच्या हातात राहत नाही.

पहिला धक्का भाषेचाच बसतो. अमेरिकन विद्यार्थी घरी जी अरबी शिकतो ती ‘फुसहा’, म्हणजे ग्रंथांची, वर्तमानपत्रांची, भाषणांची प्रमाण भाषा. अमेरिकेत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘अल्-किताब’ या पाठ्यपुस्तकाची गंमत अशी की, त्याच्या पहिल्याच पाठात ‘संयुक्त राष्ट्रे’ हा शब्द शिकवितात. भाजी कशी मागावी हे कळण्याआधी संयुक्त राष्ट्रे ! असा हा पढिक विद्यार्थी बाजारात जातो आणि त्याला कळते की, ही भाषा घरात कोणीच बोलत नाही. ‘काय ?’ या एका शब्दाला ग्रंथात साधारण आपल्या ‘माझा’सारखा ऐकू येणारा शब्द आहे. पण कैरोत लोक ‘एह’ म्हणतात, अम्मान-दमास्कसमध्ये ‘शू’, मोरोक्कोत ‘श्नू’ आणि कुवेतमध्ये ‘शिनू’. विद्यापीठाचा पदवीधर कोपऱ्यावरच्या फूलवाल्यापुढे अडखळतो. (फूल म्हणजे आपली फुले नव्हेत, इजिप्तमधील गोरगरिबांची न्याहारी असलेली शिजवलेली वालासारखी कडधान्याची उसळ !) त्याच्या पुस्तकी बोलण्यावर लहान पोरे हसतात.

हे हसू ज्यांनी खेड्यातून येऊन वर्गात पहिल्यांदा तोंड उघडले आहे त्यांना कळेल. आपल्या घरच्या बोलीवर शहर हसते. तिकडे मात्र शहरी, ग्रंथी भाषा बोलणाऱ्यावर गल्ली हसते. जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या तरुणाला एका भाजीवालीने “असे नव्हे, असे म्हण” म्हणून शिकवावे आणि त्याने मुकाट्याने ते गिरवावे, यापरते चांगले शिक्षण कोणते ? मोरोक्को किंवा जॉर्डनमध्ये कुटुंबात राहणाऱ्या मुलांना यजमानीणबाई पोट भरले तरी “कुल, कुल” म्हणजे “खा, खा” म्हणून वाढीत राहतात. मुलींना रस्त्यात नकोशा नजरा व शेरे सोसावे लागतात. पण जेथे परक्या पुरुषाला कधीच प्रवेश मिळत नाही, त्या स्वयंपाकघरात आणि बायकांच्या बैठकीत त्यांना जागा मिळते. वर्तमानपत्रात ‘अरब जग’ असा एकच शब्द असतो. घरात मात्र आजी असते, परीक्षेला बसलेला मुलगा असतो, लग्न ठरत नसलेली मुलगी असते. एकदा ती माणसे दिसली की ‘अरब म्हणजे असे’ हे वाक्य ओठावर सहजी येत नाही. एडवर्ड सैद यांनी १९७८ साली ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथात पाश्चात्त्यांनी पुस्तकांतून उभ्या केलेल्या काल्पनिक पूर्वेची चिकित्सा केली. त्या काल्पनिक पूर्वेवर स्वयंपाकघरातील एक वर्ष हा चांगला उतारा आहे, असे माझे मत आहे.

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती त्या विद्यार्थ्याविषयी नसून जगाच्या रीतीविषयी आहे.

माझे चुलते एकवीस वर्षे कुवेतमध्ये मोटार चालवीत होते. ‘शिनू’ हा शब्द मला त्यांच्याकडूनच ठाऊक. सातवी शिकलेले हे गृहस्थ अरबीतून भाव करतात, विनोद करतात, भांडतातसुद्धा. त्यांना कोणी पाठ्यपुस्तक दिले नाही की शिष्यवृत्ती दिली नाही. त्यांचा पासपोर्ट पहिली कित्येक वर्षे मालकाच्या कपाटात होता. कोकणातून आखातात गेलेल्या हजारो माणसांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. अमेरिकन मुलगा एक वर्ष राहून अडखळत चार वाक्ये बोलला तर सारे “वाहवा” म्हणतात, आणि तो ‘अरबी भाषेचा अभ्यासक’ ठरतो. माझे चुलते मात्र गावी ‘आखातात ड्रायव्हर होते’ एवढेच ठरतात. आणि ते स्वतःला आजही अडाणीच समजतात ! भाषा दोघेही शिकले. मग एकाचे ते देशाटन आणि दुसऱ्याची ती मजुरी, हे कोणी ठरविले ?

दुसरी गोष्ट दाराची. २०११ पूर्वी दमास्कस हे अमेरिकन विद्यार्थ्यांचे आवडते ठिकाण होते. येमेनमधील साना येथेही काही जण शिकायला जात. त्या घरांनी त्यांना वाढले, शिकविले. पुढे सीरियात व येमेनमध्ये युद्धाचा वणवा पेटला. आणि २७ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा आदेश काढला. त्यात सीरिया आणि येमेन ही दोन्ही नावे होती. पुढे त्याच्या जागी आलेली बंदी जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाली, पण जून २०२५ च्या नव्या बंदीत येमेनचे नाव पुन्हा आले. ज्या घरी आपण वर्षभर जेवलो त्या घरातील मुलगा आपल्याकडे शिकायला येऊ शकत नाही, ही पाहुण्याला लाज आणणारी गोष्ट आहे. २०१७ च्या त्या आदेशाविरुद्ध अमेरिकेतील विमानतळांवर लोक जमले होते, हेही विसरता कामा नये. परतलेल्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा अरबी व्याकरणाची नाही. आपल्या देशाचे दार उघडे राहावे म्हणून तो काही बोलतो की नाही, याची ती परीक्षा आहे.

आणि अमेरिकेला बोल लावणाऱ्या आपण जरा आपल्या अंगणात पाहावे. येमेन, इराक, सुदान या देशांतील विद्यार्थी पुण्याला आणि छत्रपती संभाजीनगरला शिकायला येतात. अमेरिकेचे दार बंद असले तरी आपले उघडे आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण दार उघडे असणे वेगळे आणि पाहुण्याला घरात घेणे वेगळे. त्यांना भाड्याची खोली देताना आपले घरमालक किती प्रश्न विचारतात ? त्यांच्यापैकी किती जणांना आपण सणाला जेवायला बोलावतो ? कैरोतील फूलवाला अमेरिकन मुलाला ‘एह’ शिकवितो, तसे आपल्यापैकी कोणी सानाच्या मुलाला ‘काय रे ?’ म्हणायला शिकविले आहे काय ?

मित्रहो, देशाटन सर्वांनाच परवडत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, तेव्हा कैरो-अम्मान मला अजून फार लांब आहे. परंतु परक्यापुढे विद्यार्थी होऊन बसण्यास तिकीट लागत नाही. त्यासाठी आपल्याला येत नाही ते दुसऱ्याला येते, एवढे मान्य करावे लागते. अमेरिकन विद्यार्थ्याने निदान एक वर्ष तरी ते मान्य केले. ते वर्ष त्याला कोणत्याही कारणाने मिळालेले असो, मला त्याचा आदर वाटतो. माझ्या चुलत्यांनी तेच एकवीस वर्षे केले. त्यांनाही तोच आदर मिळावा, एवढेच माझे मागणे आहे.