विश्लेषण : फोटो विकून नव्या कॅमेऱ्याचा हप्ता फिटेल?

आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि तालुक्याच्या गावातल्या फोटोग्राफरचा कॅमेरा तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक वेळ बॅगेतच राहतो. याच रिकाम्या दिवसांत ‘घरबसल्या फोटो विका, डॉलर कमवा’ असे सांगणारे व्हिडीओ मोबाइलवर दिसू लागतात. त्यापाठोपाठ हप्त्यावर मिळणाऱ्या नव्या कॅमेऱ्याची जाहिरात येते. ‘स्टॉक’ संकेतस्थळांवर फोटो विकून पैसे मिळतात, हे खरे. पण त्या भरवशावर कर्जाने कॅमेरा घेणे हा उलटा व्यवहार आहे. आधी फोटो, मग त्यातून आलेल्या पैशांतून एकेक वस्तू, हाच क्रम का परवडतो, हे या धंद्यातले दर पाहिले की कळते.

विकले नेमके काय जाते?

फोटो विकला जात नाही, तो वापरण्याचा परवाना विकला जातो. त्यामुळे एकच फोटो शंभर जणांना देता येतो आणि त्याची मालकी फोटोग्राफरकडेच राहते. पूर्वी हा व्यवसाय मोजक्या एजन्सींच्या हातात होता आणि दर चढे होते. २००० मध्ये कॅनडात ‘आयस्टॉक’ सुरू झाले, २००३ मध्ये अमेरिकेत ‘शटरस्टॉक’ आले आणि हौशी फोटोग्राफरांसाठी दार उघडले. २००६ मध्ये ‘गेटी इमेजेस’ने ‘आयस्टॉक’ ५ कोटी डॉलरना विकत घेतले. ‘अडोबी’ने ‘फोटोलिया’ ८० कोटी डॉलरना घेऊन २०१५ मध्ये ‘अडोबी स्टॉक’ सुरू केले. दार उघडले तशी गर्दी वाढली आणि भाव पडले.

हातात किती येते?

जून २०२० मध्ये ‘शटरस्टॉक’ने मोबदल्याची पद्धत बदलली. तेव्हापासून फोटोग्राफरचा वाटा त्याच्या डाउनलोडच्या संख्येनुसार १५ ते ४० टक्के असा ठरू लागला आणि सर्वात कमी रक्कम एका डाउनलोडमागे १० सेंटपर्यंत खाली आली. शिवाय दर १ जानेवारीला प्रत्येकाची पायरी पुन्हा पहिल्यावर. सापशिडीत ९८ वरच्या सापाने गिळावे तसे. जगभरच्या फोटोग्राफरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, अनेकांनी आपले फोटो काढून घेतले. ‘अडोबी स्टॉक’वर फोटोसाठी ३३ टक्के वाटा मिळतो, पण २५ डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत.

आता हिशेब. १० सेंट म्हणजे साधारण नऊ रुपये. चाळीस हजारांचा कॅमेरा बारा हप्त्यांत घेतला, तर व्याज सोडूनही महिन्याला सुमारे ३,३०० रुपये लागतात. सर्वात खालच्या दराने तेवढे मिळवायला महिन्याला जवळपास ३७० डाउनलोड हवेत, आणि तेही पहिल्या महिन्यापासून. प्रत्येक डाउनलोड इतका स्वस्त जात नाही, काहींना एक-दोन डॉलर किंवा अधिकही मिळतात. पण ते कधी मिळतील याचा नेम नाही आणि हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच कापला जातो.

कराचाही एक कागद आहे आणि नवे लोक तो हमखास विसरतात. अमेरिकी कंपनीकडे ‘डब्ल्यू-८ बेन’ हा अर्ज भरून दिला नाही, तर तिथल्या ग्राहकांकडून आलेल्या मोबदल्यातून ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. भारत-अमेरिका करारामुळे अर्ज भरणाऱ्याला हा दर १५ टक्के लागतो. अर्ज ऑनलाइन आहे, पॅन हाताशी असला की दहा मिनिटांचे काम. भारतातल्या विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवावे लागतेच.

एआयमुळे दुकान बंद होणार?

कॉफीचा कप, हस्तांदोलन, समुद्रावरचा सूर्यास्त असे फोटो विकून पोट भरण्याचे दिवस मात्र संपत आले आहेत. मार्च २०२३ मध्ये आलेले ‘अडोबी’चे ‘फायरफ्लाय’ हे चित्रे तयार करणारे साधन ‘अडोबी स्टॉक’वरच्या फोटोंवरही शिकवले गेले. ‘शटरस्टॉक’ने आपला साठा ‘ओपनएआय’ला प्रशिक्षणासाठी दिला. दोन्ही कंपन्यांनी फोटोग्राफरांना त्याबद्दल काही रक्कम दिली. पण ज्याच्या फोटोवर यंत्र शिकले, त्याच्याच नव्या फोटोशी ते आता स्पर्धा करते, ही गोष्ट त्या रकमेने बदलत नाही. त्यात ‘गेटी’ आणि ‘शटरस्टॉक’ यांनी जानेवारी २०२५ मध्ये विलीनीकरणाची घोषणा केली. खरेदीदार कमी झाले की विकणाऱ्याचे काय होते, हे बाजार समितीत माल नेणाऱ्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

मग खपते काय? यंत्राला नीट जमत नाही ते. लासलगावच्या लिलावात उभे असलेले कांद्याचे ट्रॅक्टर, चुलीवर फुगलेली ज्वारीची भाकरी, कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली काहील, हुरड्याची शेकोटी. अशा फोटोत खरे ठिकाण, खरी तारीख आणि खरी माहिती असते. पण ती माहिती लिहावी लागते. भाकरीच्या फोटोला नुसते ‘इंडियन ब्रेड’ असे नाव दिले तर तो नान आणि पराठ्यांच्या ढिगात गाडला जातो. ‘भाकरी’, ‘ज्वारी’ आणि ज्वारीचे इंग्रजी नाव ‘सॉर्घम’ हे तिन्ही शब्द रोमन लिपीत दिले, तर नेमके तेच शोधणाऱ्याला तो सापडतो.

फोटोत ओळखू येणारा चेहरा असेल तर जाहिरातीच्या वापरासाठी त्या व्यक्तीचे लेखी संमतिपत्र लागते. विसर्जन मिरवणुकीतल्या गर्दीकडून ते मिळणे अशक्य, म्हणून असे फोटो ‘एडिटोरियल’ म्हणजे बातमी-लेखांच्या वापरासाठी टाकावेत. इमारतींचीही हीच गत होऊ शकते. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या वास्तूला २०१७ मध्ये ट्रेडमार्क मिळाला आहे. गेटवेवरून टिपलेला सुंदर फोटो त्यामुळे जाहिरातीसाठी नाकारला जाऊ शकतो आणि त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नसतो.

आधी काय घ्यावे?

या संकेतस्थळांना किमान ४ मेगापिक्सेलचा फोटो पुरतो. दहा वर्षांपूर्वीचा साधा डीएसएलआरही १८ किंवा २४ मेगापिक्सेलचा असतो. म्हणजे अडते ते मेगापिक्सेलवर नाही. नाकारलेल्या प्रत्येक फोटोसोबत संकेतस्थळ कारण कळवते आणि ती कारणे जपून ठेवली की खरेदीची यादी आपोआप तयार होते. पहिल्या पन्नास फोटोंचा निकाल येईपर्यंत दुकानात पाय ठेवू नये, इतके हे साधे आहे.

फोटोत दाणे दिसतात, असे कारण वारंवार येत असेल तर आयएसओ जास्त ठेवला गेला आहे. त्यावर उपाय नवा कॅमेरा नाही, ट्रायपॉड आहे. खाद्यपदार्थांसाठी उत्तरेकडची खिडकी आणि समोरून उजेड परतवायला स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा कार्डशीट. खर्च वीस-पंचवीस रुपये. फोटो धारदार नाहीत, कडांना जांभळी रेष येते, अशी तक्रार असेल तर कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स बदलण्याची वेळ आली. तिथे ५० एमएम, एफ १.८ ही लेन्स कमी पैशांत सर्वाधिक फरक पाडते. फक्त निकॉनवाल्यांनी सावध राहावे. ‘डी ३०००’ आणि ‘डी ५०००’ मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्वस्तातली जुनी ‘एएफ-डी’ लेन्स त्यावर बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. त्यांच्यासाठी ‘एएफ-एस’ लिहिलेली लेन्स.

‘डीएसएलआर संपला, आता लेन्सवर पैसे घालणे वाया,’ असेही सांगितले जाते. कॅननची ‘ईएफ’ लेन्स अॅडॉप्टर लावून नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर फोकससह चालते, निकॉनच्या ‘एएफ-एस’ लेन्सचेही तसेच. उलट सगळे मिररलेसकडे धावत आहेत म्हणून जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स बाजारात स्वस्त होत आहेत. कमी पैशांत शिकणाऱ्यासाठी इतका चांगला काळ पूर्वी नव्हता.

जुने घेताना काय पाहावे?

नव्या कॅमेऱ्याच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. ओळखीच्या फोटोग्राफरकडून जुना घेतला तर तो भार टळतो, पण मूळ बिल मागावेच. चोरीचा माल गळ्यात पडायला नको. शटर किती वेळा उघडले याचा आकडा विचारावा. तो कॅमेऱ्याने काढलेल्या ताज्या फोटोच्या माहितीतून अनेकदा कळतो. फोर्टमधल्या दुकानातून घ्या नाहीतर गावातल्या स्टुडिओतून, लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून आरपार पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती लवकर धरते आणि काढायला दिलेल्या पैशात कधी कधी दुसरी लेन्स येते.

घेतलेली लेन्स पावसाळ्यात कापडी बॅगेत ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल काही शेकड्यांत येते. ‘अडोबी’कडून येणाऱ्या पहिल्या पंचवीस डॉलरमध्ये हा खर्च भागतो आणि उरलेल्या पैशांत साधा ट्रायपॉडही.