नर्सबाईंची वही : खिशातली गाणी, गाडीचा रेडिओ



गेल्या अंकात आपण गुडघेदुखीबद्दल बोललो. या वेळचा विषय वाचून काही जण म्हणतील, नर्सबाईंना आता गाडीतल्या तारा कशाला हव्यात? पण पुढे वाचा, औषधाशी त्याचा संबंध आहे.

आपल्या पुष्कळ घरांत मुला-नातवंडांनी आजी-आजोबांची गाणी एका लहानशा प्लेअरमध्ये नाहीतर जुन्या फोनमध्ये भरून दिली आहेत. घरी ती छान वाजतात. गाडीत बसलं की मात्र पंचाईत. गाडीबरोबर कारखान्यातूनच बसवून आलेला रेडिओ हिब्रू बातम्या सांगतो आणि आपली गाणी पर्समध्ये गप्प पडून राहतात. मग आजी कानात बोंडं घालून एकटीच ऐकते आणि मागे बसलेल्या मुलांशी तिचं बोलणं तुटतं. तेव्हा सगळ्यांनी मिळून ऐकावं, यासाठी हा खटाटोप.

पहिली गोष्ट : रेडिओ उपटू नका

कुणी म्हणेल, जुना काढून नवा बसवा. घाई करू नये. कारखान्याने बसवलेल्या रेडिओला पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगवरची बटणं जोडलेली असतात. काही गाड्यांत तर पट्टा लावला नाही की वाजणारी टणटणसुद्धा त्यातूनच येते. शिवाय बॅटरीची तार काढली की पुष्कळ जुने रेडिओ चोरापासून बचाव म्हणून आकड्यांचा कोड मागतात. तो गाडीच्या कागदपत्रांत असतो. कोड हाताशी नसेल तर कुणालाही बॅटरीला हात लावू देऊ नका.

दुसरी गोष्ट : आपल्या रेडिओला तोंड कोणतं ते बघा

हे काम मुलांचं. बालमित्रांनो, इंजिन बंद असताना टॉर्च घेऊन पुढच्या सीटवर बसा आणि शोधा. रेडिओवर, हातमोज्यांच्या कप्प्यात, दोन सीटांमधल्या डब्यात, सगळीकडे बघा. काय सापडतं त्यावर पुढचं ठरेल.

एक : लहान गोल भोक, त्याच्यापाशी 'ऑक्स' लिहिलेलं. हे सापडलं तर नशीब समजा. दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली तार विकत मिळते. एक टोक प्लेअरच्या कानाच्या भोकात, दुसरं गाडीत, आणि रेडिओवर 'ऑक्स' निवडायचं. झालं. फोन नवा असेल आणि त्याला कानाचं भोकच नसेल, तर फोनच्या चार्जिंगच्या तोंडाला लावायचा छोटा जोड मिळतो. आयफोनने ते भोक २०१६ साली काढून टाकलं, मग बाकीच्यांनीही हळूहळू काढलं.

दोन : चपटं यूएसबीचं तोंड. यात गाणी भरलेली दिस्क-ऑन-की लावता येते. बालमित्रांनो, हे नाव आपल्या इथलंच बरं का. एम-सिस्टम्स या इस्राएली कंपनीने २००० साली याच नावाने ती बाजारात आणली, म्हणून अजून आपण तसंच म्हणतो. भारतात तिला पेन ड्राईव्ह म्हणतात. जुन्या रेडिओला ती वाचता यावी म्हणून ती 'फॅट ३२' पद्धतीने तयार करावी आणि गाणी एमपी३ असावीत. गाण्यांची नावं मराठीत लिहिली तर पुष्कळ जुने रेडिओ नुसते चौकोन दाखवतात. म्हणून नावाआधी ०१, ०२ असे साधे इंग्रजी आकडे घालावेत आणि एका कागदावर मराठीत यादी करून आजीजवळ द्यावी. एक लक्षात ठेवा, काही गाड्यांतलं यूएसबी फक्त चार्जिंगपुरतं असतं. तिथे गाणं वाजलं नाही तर गाडीला दोष देऊ नका.

तीन : ब्लूटूथ. रेडिओत असेल तर तारच नको. फोनची आणि रेडिओची एकदा ओळख करून दिली की पुढच्या वेळी ते आपोआप भेटतात. मात्र काही जुन्या रेडिओंचं ब्लूटूथ फक्त फोनवर बोलण्यासाठी असतं, त्यात गाणी वाजत नाहीत.

चार : कॅसेटची फट. जुनी गाडी म्हणून लाजू नका, तिच्यासाठीही सोय आहे. कॅसेटच्याच आकाराची, शेपटीसारखी तार असलेली एक वस्तू मिळते, तिला कॅसेट अ‍ॅडाप्टर म्हणतात. तिच्यात फीत नसतेच. कॅसेट वाजते ती फितीवरच्या चुंबकत्वामुळे आणि रेडिओतलं 'हेड' ते चुंबकत्व वाचतं. या अ‍ॅडाप्टरमध्ये दुसरं हेड असतं. प्लेअरमधून आलेल्या गाण्याप्रमाणे त्याचं चुंबकत्व कमीजास्त होतं. ही दोन हेडं समोरासमोर येतात आणि कुंपणावरून दोन शेजारणी बोलतात तशी बोलतात. बिचाऱ्या रेडिओला वाटतं, फीतच चालू आहे! आवाज दबलेला आला तर कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल स्पिरिट लावून आतलं हेड हलक्या हाताने पुसावं आणि पूर्ण सुकू द्यावं. रेडिओ सारखा कॅसेट बाहेर फेकत असेल, तर बाजू बदलण्याचं बटण दाबून बघावं.

पाच : वरचं काहीच नाही, नुसता रेडिओ आणि सीडी. मग एफएम ट्रान्समीटर घ्यावा. तो सिगारेट पेटवायच्या भोकात बसतो आणि गाडीपुरतं छोटंसं रेडिओ स्टेशन बनतो. रेडिओवर ८७.५ ते १०८ मध्ये जिथे नुसती खरखर ऐकू येते तो आकडा शोधा आणि तोच ट्रान्समीटरवर लावा. अश्दोदहून एलातला निघालात तर वाटेत त्याच आकड्यावर दुसरं स्टेशन घुसेल. तेव्हा आकडा शेजारच्याने बदलायचा, गाडी चालवणाऱ्याने नाही. याचा आवाज तारेइतका स्वच्छ नसतो, पण काम भागतं. काही गाड्यांत रेडिओच्या मागे सीडी चेंजरची जागा असते, तिथे तार जोडून घेता येते. त्यासाठी गाडीचं नाव, मॉडेल आणि साल घेऊन हश्मलाई रेखेवकडे जावं. आपण स्वतः स्क्रू खोलू नयेत.

चार्जिंग करताना कुईं आवाज येतो?

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो, सोडला की उतरतो. असं झालं तर चार्जरची तार काढून बघा. आवाज थांबला तर प्लेअर बरा आहे आणि गाडीही बरी आहे. चार्जिंगची तार आणि गाण्याची तार दोन्ही एकाच गाडीच्या विजेला टेकल्यामुळे तो आवाज येतो. 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी गाण्याच्या तारेत मध्ये लावली की तो जातो. नाहीतर गाडीत बसण्याआधी घरीच चार्ज करून घ्या.

आता नर्सबाईंचं काम

आवाज कसा लावायचा ते नीट वाचा. ऑक्स किंवा कॅसेटची तार असेल तर प्लेअरचा आवाज साधारण पाऊण करून ठेवा आणि पुढचं कमीजास्त गाडीच्या बटणाने करा. प्लेअर बारीक आणि गाडी मोठी असं केलं तर खरखर येते. शिवाय चुकून रेडिओचं बटण दाबलं की बातम्या एकदम कानावर आदळतात आणि चालवणारा दचकतो.

वय झालं की आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात. म्हणून आजोबा म्हणतात, "ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत." त्यावर आवाज वाढवणं हा उपाय नाही. बास थोडा कमी करा, ट्रेबल थोडा वाढवा, शब्द सुटे होतील. आणि पुढचा-मागचा आवाज वाटणारं 'फेडर' असतं, ते आजोबा बसतात तिकडे सरकवा. मुलांच्या कानांशी भोंगा नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्यांनी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत आणि मुलांनी तेवढेच तास ७५ डेसिबलपर्यंत ऐकावं. घरी मोजायचं यंत्र नसतं, म्हणून माझी साधी कसोटी : शेजारी बसलेल्याचं बोलणं आवाज न चढवता ऐकू आलं पाहिजे.

हे फक्त कानांसाठी नाही. आपण ज्या देशात राहतो तिथे सायरन वाजतो, आणि रुग्णवाहिकेचाही भोंगा वाजतो. तो गाण्यात बुडता कामा नये. दिवस तणावाचे असले तर गाणी बंद आणि रेडिओ चालू. कारण ऑक्सवर गाणं लागलेलं असताना रेडिओवरची सूचना आपल्याला ऐकू येत नाही.

औषधाशी संबंध म्हटलं तो असा

माझ्या नणंदेला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावं लागे. चार तास मशिनवर आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. परतताना ती इतकी थकलेली असायची की कुणाशी बोलत नसे. भाच्याच्या गाडीत कॅसेटचा रेडिओ होता. एका मुसाखवाल्याने सगळं बदलायचं सांगून मोठा आकडा काढला होता. माझ्या नातवाने, तेव्हा तो अकरा वर्षांचा, स्वस्तातला कॅसेट अ‍ॅडाप्टर आणून जोडला. त्या प्लेअरमध्ये जुनी गाणी होती आणि पेणहून तिच्या आईने १९७८ साली पाठवलेली बोलकी चिठ्ठीही होती. तेव्हा फोन महाग, म्हणून आपले लोक कॅसेटवर बोलून पाठवायचे, आठवतं ना? "बायो, तब्येत सांभाळ, भात वेळेवर जेव," असं आईचं साधं बोलणं. नणंद डोळे मिटून ऐके आणि घर येईपर्यंत आम्हाला पेणच्या गोष्टी सांगे. नातवाला त्या घराचा ओटा, विहीर, आंब्याचं झाड सगळं पाठ झालं. गाण्याने किडनी बरी होत नाही, हे मी नर्स म्हणून स्पष्ट सांगते. पण पुढच्या वेळी गाडीत बसायला ती कुरकुरेनाशी झाली. नणंद २०१६ साली गेली. ती चिठ्ठी नातवाकडे आहे.

म्हणून एक विनंती. घरात अशा कॅसेटी असतील तर आधी त्यांच्या मागच्या कडेचे दोन छोटे चौकोनी कान मोडून टाका, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग नातवंडांना सांगून त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. टेपच्या कानाच्या भोकापासून कॉम्प्युटरपर्यंत तार आणि मधे यूएसबीचा एक छोटा जोड, एवढं पुरतं. 'ऑडॅसिटी' हा कार्यक्रम फुकट मिळतो. फीत वर्षांवर्षांनी खराब होत जाते, वाट बघू नका.

शेवटच्या चार सूचना

गाणी निघण्याआधी लावावीत. गाडी चालवताना फोन हातात घेणं कायद्याने मना आहे, रमझोरपाशी थांबलात तरीसुद्धा.

तार गिअरजवळ किंवा पायांपाशी लोंबकळू देऊ नये.

उन्हाळ्यात बंद गाडीत प्लेअर ठेवू नये. उष्णतेने त्याची बॅटरी बिघडते आणि फुगूही शकते.

सिगारेटच्या भोकातली वस्तू उतरताना काढून घ्यावी. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तिथे वीज चालू राहते आणि बॅटरी उतरते.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी गृहपाठ : या आठवड्यात आजीला किंवा आजोबांना दहा गाणी विचारा, ती भरा आणि गाडीत लावा. प्रत्येक गाणं त्यांनी पहिल्यांदा कुठे ऐकलं ते विचारा. कुणी रेडिओ सिलोनवरची बुधवारची गीतमाला सांगेल, कुणी अलिबागच्या लग्नातला बेंजो. ते ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत लिहून आणा. पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.

पुढील अंकी : गोळ्यांचा सात दिवसांचा डबा कसा भरावा.


आपली,
नर्सबाई