संकट गावात, तिजोरी लांब

२३ मार्च २०२० रोजी इस्लामपुरात, म्हणजे आताच्या ईश्वरपुरात, चौघांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले आणि आठवडाभरात हा आकडा पंचविशीच्या घरात गेला. रस्ते बंद करणे, घरोघरी तपासणी, अडकलेल्या कुटुंबांना दूध-किराणा पोहोचवणे ही कामे आशा सेविका, सफाई कामगार, तलाठी आणि पोलिसांच्या अंगावर पडली. संकट देशाचे होते, पण त्याचा पहिला खर्च गावाच्या दारात होता. तो भागवताना सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांच्या हातात काय होते, हे सोळाव्या वित्त आयोगाच्या २०२६ ते २०३१ या कालखंडात तरी विचारले पाहिजे.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. तरीही पैशाच्या नाड्या दिल्लीच्याच हाती राहिल्या. ६ एप्रिल २०२० रोजी केंद्राने खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबवून ७,९०० कोटी रुपये आपल्या संचित निधीकडे वळवायचे ठरवले. रुग्णवाहिका, श्वसनयंत्रे यांसाठी जिल्ह्याला आपल्या खासदाराकडे हक्काने मागता येणारे वर्षाचे पाच कोटी ऐन साथीत गेले. चारच दिवसांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केले की, पंतप्रधानांच्या ‘पीएम केअर्स’ला दिलेली देणगी कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरली जाईल, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली नाही. राज्य आपत्ती निधीतून कोरोनावर करायच्या खर्चाला आधी ३५ टक्क्यांची मर्यादा होती. ती ५० टक्क्यांवर जायला सप्टेंबर उजाडला. जीएसटी भरपाईची हमी कायद्यात असताना ऑगस्टमध्ये राज्यांपुढे कर्जाचे पर्याय ठेवले गेले. कर्जमर्यादा तीनवरून पाच टक्के केली, तीही बऱ्याच अंशी अटी घालून.

याबद्दल मुंबईने दिल्लीला बोल लावले, ते रास्तच होते. पण जिल्ह्यांशी मुंबई तरी वेगळी वागली काय? ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकास योजनांना ३३ टक्केच निधी देण्याचे ठरले. महसूल आटला होता; आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मान्य. पण ग्रामपंचायतींच्या खात्यावरचे चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीचे व्याजसुद्धा ‘आर्सेनिक अल्बम ३०’ या होमिओपॅथीच्या गोळ्यांसाठी जिल्हा परिषदेकडे भरायला सांगितले गेले, त्याचे समर्थन कसे करणार? जंतुनाशक फवारणी की शाळेत विलगीकरणाची सोय, गावाची गरज काय, हे सरपंचाला विचारले गेले नाही. पुढे दुसऱ्या लाटेत जिल्हा नियोजनातील ३० टक्के निधी कोरोनासाठी वापरायला परवानगी मिळाली. पैसा जिल्ह्याचाच, मिळाली ती फक्त खर्चाची मुभा.

त्यातच जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावावर दरड कोसळली, कृष्णेचे पाणी पुन्हा सांगलीत शिरले. साथ आणि पूर यांचा सामना त्याच यंत्रणेला, त्याच तुटपुंज्या तिजोरीतून करावा लागला. ३ ऑगस्टला राज्याने ११,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण त्यातले सात हजार कोटी दीर्घकालीन उपाययोजनांसाठी होते. घोषणेचा आकडा आणि चिखलाने भरलेल्या घरात त्या आठवड्यात पोहोचणारी मदत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खजिन्याशिवाय कारभार चालत नाही, हे या मुलखाला सांगावे लागत नाही. १९४३ मध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वे अडवून इंग्रजांचा पैसा ताब्यात घेतला, तो याच गरजेपोटी. आज तर कायदाच जिल्ह्याच्या बाजूने आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४८ मध्ये राज्याबरोबर जिल्ह्यासाठीही स्वतंत्र प्रतिसाद निधी उभारण्याची तरतूद आहे. त्यात लोकसंख्या आणि धोका पाहून दरवर्षी ठरलेली रक्कम जमा व्हावी, ती अखर्चित म्हणून मार्चअखेर परत जाऊ नये आणि पहिल्या पंधरवड्यातील खर्चासाठी मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.

यावर गैरव्यवहाराची भीती दाखवली जाईल. ती खोटी नाही; साथीच्या काळातील खरेदीबद्दल अनेक ठिकाणी प्रश्न उभे राहिले. पण त्यावर उपाय म्हणजे तीन महिन्यांत लेखापरीक्षण आणि खर्चाची यादी ग्रामसभेपुढे ठेवणे, तिजोरीला कुलूप लावणे नव्हे. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. जाब विचारणारे सभागृहच नसेल, तर केंद्रीभूत खर्च आपोआप स्वच्छ होतो असे नाही.

राज्याने केंद्राकडे आपला वाटा ठणकावून मागावा. मात्र त्याआधी स्वतःच्या अर्थसंकल्पात जिल्हा आपत्ती निधीचे लेखाशीर्ष उघडून त्यात पैसे भरावेत. दिल्लीशी भांडण्याचा नैतिक अधिकार त्यातूनच येईल.