कॉपीला खर्च नाही म्हणून किंमत कमी ठेवू नका



डिजिटल प्रॉडक्टचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, एकदा बनवायचं आणि आयुष्यभर विकायचं. दुसऱ्या कॉपीला खर्चच नाही. ९९९ रुपये ठेवू, लोक पटापट घेतील." माझं स्पष्ट मत आहे, हा हिशेब नव्या माणसाला बुडवतो. का, ते एका वेगळ्या धंद्यातून बघू. त्या धंद्याचं नाव आहे सॅम्पल लायब्ररी.

सिनेमाचं किंवा गेमचं संगीत करणारा माणूस दरवेळी ८० वादकांचा ऑर्केस्ट्रा बोलावू शकत नाही. तो कीबोर्डची पट्टी दाबतो आणि कॉम्प्युटरमधून खऱ्या व्हायोलिनचा आवाज येतो. हा आवाज आधी कोणीतरी खऱ्या वादकांकडून एकेक स्वर वाजवून घेऊन रेकॉर्ड केलेला असतो. अशा रेकॉर्डिंगचा संच म्हणजे सॅम्पल लायब्ररी.

आता खर्च बघा. समजा फक्त व्हायोलिन घेतलं. ४ सप्तकं म्हणजे ४८ स्वर. प्रत्येक स्वर हळू ते जोरात अशा ४ पातळ्यांवर. प्रत्येक पातळी ३ वेळा, कारण तेच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा वाजलं की कानाला मशीनसारखं लागतं. झाले ५७६. वाजवण्याच्या १० पद्धती धरा, ५,७६०. तीन जागी माईक लावले तर १७,२८० फाइल्स! स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन, एडिटिंग, प्रोग्रामिंग, हे सगळं पहिला रुपया यायच्या आधी.

समजा हा खर्च २० लाख आला. किंमत ४०,००० ठेवली आणि टॅक्स, कमिशन जाऊन हातात ३०,००० आले, तर ६७ ग्राहकांत पैसे वसूल. किंमत १,००० ठेवली आणि हातात ७५० आले, तर २,६६७ ग्राहक लागतील. आणि समजा अशी वस्तू लागणारी माणसंच एकूण ५०० आहेत. त्या सगळ्यांनी घेतली तरी जमा होणार पावणेचार लाख. म्हणजे शंभर टक्के मार्केट जिंकूनही धंदा बुडाला! कॉपी फुकट होते, पण ग्राहक कॉपी करता येत नाही.

मग या क्षेत्रातल्या कंपन्या काय करतात?

लंडनची स्पिटफायर ऑडिओ २००७ मध्ये ख्रिश्चन हेन्सन आणि पॉल थॉमसन या दोन संगीतकारांनी सुरू केली. सुरुवातीला त्यांनी मोजक्या संगीतकारांसाठी खाजगी लायब्ररी बनवल्या. बाजार नंतर, ग्राहक आधी. २०१९ मध्ये त्यांनी बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची लायब्ररी आणली. तिच्या सगळ्यात मोठ्या आवृत्तीची किंमत ९९९ डॉलरपर्यंत गेली. २०२० मध्ये त्याच लायब्ररीची छोटी आवृत्ती आली, ४९ डॉलरची. तेव्हा तेवढेही द्यायचे नसतील तर प्रश्नावली भरून, १४ दिवस थांबून ती फुकट मिळायची. छोट्या आवृत्तीत बनवलेलं काम मोठ्या आवृत्तीत नेता येतं. म्हणजे शिकणारा मुलगा आज फुकट घेतो, उद्या कामं मिळायला लागली की वरची पायरी चढतो. खालची पायरी स्वस्त आहे, पण वरच्या पायरीची किंमत त्यांनी त्यासाठी पाडली नाही. नव्या माणसाने हे नीट लक्षात घ्यावं.

दुसरा मार्ग भाड्याचा. ईस्टवेस्ट या कंपनीने आपल्या लायब्ररी महिन्याच्या वर्गणीवर दिल्या. कारण व्हायोलिनचा आवाज काही झिजत नाही. एकदा विकत घेतलेला माणूस तीच वस्तू पुन्हा घ्यायला येत नाही, पण वर्गणी दर महिन्याला येते.

मात्र या धंद्यातली एक सवय मला पटत नाही. नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेला मोठी सूट. एकदा ग्राहकाला कळलं की सेल येणारच आहे, की तो जूनमध्ये पूर्ण किंमत कशाला देईल? आपल्या उदाहरणात हातात येणारे पैसे अर्धे झाले की ६७ चे १३४ ग्राहक लागतात. दुप्पट माणसं शोधायची तयारी आहे का?

जास्त किंमत म्हणजे सुरक्षित धंदा, असंही समजू नका. २०२५ मध्ये स्पिटफायरला स्प्लाइस या कंपनीने विकत घेतलं, आणि स्प्लाइसचा मुख्य धंदा महिन्याच्या वर्गणीवर छोटे आवाज देण्याचा. बाजार बदलतो. पण तोपर्यंत टिकायला तुमच्या हिशेबात दम लागतो.

तुमचं प्रॉडक्ट ऑनलाइन कोर्स असो, सॉफ्टवेअर असो की डिझाइनचे टेम्प्लेट, कामाला लागण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा. बनवायला एकूण किती लागणार (तुमच्या वेळेची किंमत धरून)? एका विक्रीमागे हातात किती उरणार? आणि ही वस्तू खरंच लागणारी माणसं किती? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर तिसऱ्या आकड्याच्या जवळ गेलं तर थांबा. किंमत वाढवा किंवा वस्तू लहान करा.

आणि पहिल्या १० ग्राहकांची नावं लिहा. ओळखीची, फोन करता येईल अशी. ती लिहिता आली नाहीत, तर कॅमेरा आणि माईक आत्ताच घेऊ नका. आधी त्या दहा जणांना शोधा.